लेझर, आरसा आणि उसाचा ब्रिक्स: प्रकाशाचं परावर्तन-अपवर्तन घरच्या घरी मोजायचं कसं

नववीत परावर्तन, दहावीत अपवर्तन, दोन्ही धडे पोरं घडाघडा म्हणून दाखवतात, पण पाण्यात शिरताना किरण नेमका किती वाकला, मोजून दाखव म्हटलं की गप्प. खरं तर मोजायला फार काही लागत नाही आणि एकदा स्वतः मोजलं की धडा पाठ करायची गरजच उरत नाही. त्यात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर हे अपवर्तन मोजायचं यंत्र शेताच्या बांधावर फिरत असतं, ऊस तोडायला आलाय का नाही ते बघायचा ब्रिक्स मीटर (ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, वजनानं शेकडा प्रमाण) म्हणजे दुसरं काही नाही, किरण किती वाकला ते सांगणारी नळी. तर आज आरशापासून सुरू करून त्या नळीपर्यंत जायचंय.

सामान आणि आधी डोळ्यांचं

लाल लेझर पॉइंटर, ५ मिलिवॅटपेक्षा कमीचा. हिरवा स्वस्तातला घेऊ नका, त्यावर लिहिलेली पॉवर आणि खरी पॉवर ह्यांचा बऱ्याचदा मेळ नसतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपल्याच गावात येऊन गेल्यात, त्यामुळं हे हसण्यावारी नेऊ नका. लेझर टेबलाच्या पातळीत राहील आणि आपलं डोकं कायम त्याच्या वर राहील असं बसायचं, किरण जिकडं बाहेर पडणार तिकडं पुठ्ठा उभा करायचा, आणि हातातलं घड्याळ-अंगठी काढून ठेवायची, कारण त्यावरनं उडालेला किरण कुठं जाईल सांगता येत नाही. लहान पोरं असतील तर लेझर मोठ्या माणसानंच धरायचा.

बाकी आलेख कागद, कंपासपेटी, फोटोफ्रेमवाल्याकडनं आरशाची एक पट्टी (कडा घासून मागा, नाहीतर बोट कापतंय), सरळ भिंतींचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि २० लांब, ड्रायफ्रूटचा किंवा मिठाईचा चालतो, फक्त भिंती फुगीर नकोत. साखर, थेंबभर दूध, किचनचा वजनकाटा. आणि एक काचेची कांडी, प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथं मिळते, पेन्सिलीएवढी जाड पुरे.

ही कांडी कशाला? लेझरचा नुसता ठिपका असतो, कागदावर किरणाचा मार्ग दिसत नाही. लेझरच्या तोंडापुढं कांडी आडवी, म्हणजे टेबलाला समांतर, चिकटवली की ठिपक्याची उभी रेष होते आणि तिचा खालचा भाग कागदावर लांब लाल पट्टा टाकतो. मग पेन्सिलीनं त्यावर खुणा करत जायचं. ही कांडी बसवायला पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्या, पुढचं सगळं काम सोपं होतंय.

आरसा

कागदावर एक आडवी रेघ मारा, मधोमध तिच्यावर लंब टाका. पुस्तकात ह्या लंबाला स्तंभिका म्हणतात. सगळे कोन ह्या स्तंभिकेपासून मोजायचे, आरशापासून नाही. परीक्षेत निम्मे मार्क इथंच जातात, किरण आरशाशी ३० अंशात आला म्हणजे आपतन कोन ३० नाही, ६०.

आता आरशाची पट्टी रेघेवर उभी करा, पण पुढची कड नव्हे, मागची चंदेरी कड रेघेवर आली पाहिजे, कारण खरं परावर्तन मागच्या लेपावर होतंय. २०, ३०, ४०, ६० अंशाच्या रेघा आधीच मारून ठेवा, लेझरचा पट्टा एकेका रेघेवर बसवा आणि पलीकडं गेलेल्या पट्ट्यावर दोन खुणा करा. आला तेवढ्याच कोनात गेला हे दिसेल, अंशभर इकडंतिकडं झालं तर आरसा वाकडा उभा आहे असं समजा. मुख्य पट्ट्याशेजारी एक फिकट पट्टा दिसला तर तो काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरनं आलेला, साधी काच सरळ पडलेल्या उजेडातला ४ टक्के तिथूनच परत पाठवते. खिडकीच्या काचेत रात्री आपलं तोंड दिसतं ते ह्याच्यावरच.

मग एक गंमत करा. लेझर आहे तिथंच ठेवून आरसा १० अंश फिरवा. परावर्तित किरण २० अंश फिरतो. आणि दोन आरसे ९० अंशात जोडून कोपऱ्यात लेझर टाका, किरण कुठल्याही कोनात येऊ दे, दोनदा आपटून आल्या दिशेलाच समांतर परत जातो. हायवेवर रात्री जे रिफ्लेक्टर आपल्याच हेडलाइटचा उजेड आपल्याच डोळ्यावर परत टाकतात त्यातले बरेचसे ह्याच तत्त्वावर, फक्त तिथं दोनाच्या जागी तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात असतात. सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांत आपल्या चेहऱ्यांची रांग लागते ती पण बघून ठेवा, लांबचे चेहरे हिरवट होत जातात कारण काचेत लोहाचा अंश असतो आणि उजेड प्रत्येक फेरीला काचेतनं जातो.

कागदावर लेझर मारला तर सगळीकडनं ठिपका दिसतो, आरशावर मारला तर एकाच बाजूनं. नियम तोच, कागदाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यानं प्रत्येक जागची स्तंभिका वेगळ्या दिशेला, एवढंच.

रंकाळ्यावर जाऊन बघायचं

घरात हे दिसत नाही म्हणून चौपाटीवर जायला सांगतोय, भेळ खायला नाही (तीही खा). वारा पडलेला असताना कठड्याजवळ उभं राहून आधी पायाशी सरळ खाली पाण्यात बघा, मग हळूहळू नजर लांब न्या. पायाशी पाण्याचा स्वतःचा हिरवटपणा दिसतो, लांब गेलं की पाणी नुसतं आकाश दाखवतं, पार आरसा. पाणी सरळ पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के परत पाठवतं, स्तंभिकेपासून ६० अंशाला ६ टक्के, आणि ८० अंशाला जवळपास ३५. म्हणजे पृष्ठभाग एकच, पण तो आरसा व्हायचा का खिडकी हे तुमच्या नजरेच्या कोनावर. पोलराइज्ड गॉगल असेल तर साधारण ५३ अंशाला घालून बघा, चकाकी जवळजवळ गायब होते, त्या कोनातला परावर्तित उजेड एकाच दिशेत कंप पावत असतो आणि गॉगल नेमकी तीच दिशा अडवतो.

सूर्य बुडताना तिथंच थांबा. क्षितिजाला टेकलेला सूर्य आपल्याला दिसतो तेव्हा तो भूमितीच्या हिशोबानं आधीच खाली गेलेला असतो, हवा त्याचे किरण साधारण अर्ध्या अंशानं, म्हणजे सूर्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा किंचित जास्तच, वाकवते. दोन-सव्वादोन मिनिटं जादा उजेड मिळतो तो ह्या अपवर्तनाच्या जिवावर.

अंबाबाईच्या किरणोत्सवाचा विषय इथं निघतोच. मावळतीचे किरण महाद्वारातनं गरुड मंडप ओलांडून गाभाऱ्यात जातात आणि चरणांपासून वर सरकत मुखापर्यंत पोचतात. हे जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि परत नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला, असं वर्षातनं दोनदाच का? कारण ह्या दोन्ही वेळांना सूर्य विषुववृत्ताच्या साधारण १७ अंश दक्षिणेला असतो, एकदा खाली जाताना, एकदा वर येताना, म्हणून मावळायची जागा तीच. किरण सरळ रेषेत जातो ह्या एका गोष्टीवर हे सगळं उभं आहे, त्यामुळं वाटेत एखादी इमारत नाहीतर क्षितिजावर ढग-धूळ आली की किरण पोचत नाहीत.

पाण्याचा डबा: इथं वेळ द्या

आता मुख्य काम. डबा आलेख कागदावर ठेवून बाहेरनं पेन्सिल फिरवा, डबा कागदाला सेलोटेपनं चिकटवून टाका. डब्याच्या लांब भिंतीवर, एका टोकाजवळ, एक बिंदू घ्या, तिथं स्तंभिका काढा, ती पलीकडच्या भिंतीपर्यंत वाढवा, आणि अलीकडं ६० अंशाची रेघ मारा. डब्यात पाणी भरा, दुधाचे दोन-तीन थेंबच टाका, जास्त टाकलं की किरण पलीकडं पोचतच नाही. लेझरचा पट्टा ६० च्या रेघेवर बसवा आणि लेझरही चिकटवून टाका.

पाण्यात शिरताना पट्टा स्तंभिकेकडं वळलेला दिसेल, आणि पलीकडच्या भिंतीतनं बाहेर पडताना परत मूळच्या दिशेला समांतर, फक्त बाजूला सरकलेला. जिथनं बाहेर पडला तिथं खूण करा आणि ती खूण स्तंभिकेच्या टोकापासून किती लांब आहे ते मोजा. डब्याची बाहेरची रुंदी १० सेंटीमीटर असेल तर हे अंतर ८५ मिलिमीटरच्या आसपास यायला पाहिजे. रिकाम्या डब्यात हेच १७३ आलं असतं, म्हणजे पाण्यानं किती ओढलं बघा.

आता हिशोब. अंतर भागिले रुंदी म्हणजे अपवर्तन कोनाचा टॅन, कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन घेतला की कोन मिळतो, साधारण ४०.५ अंश. मग ६० चा साइन भागिले ४०.५ चा साइन, उत्तर १.३३. हा पाण्याचा अपवर्तनांक, आणि हा तुम्ही मिठाईच्या डब्यात काढलाय, नादखुळा काम.

एका कोनावर थांबू नका. २० अंशाला पाण्यातला कोन १४.९ येतो, ३० ला २२, ४० ला २८.८, ५० ला ३५.१. नुसते कोनाला कोन भागून बघा, २० ला १.३४ येतं आणि ६० ला १.४८, म्हणजे कोनांचं गुणोत्तर टिकत नाही, साइनचं टिकतं. टॉलेमीनं दुसऱ्या शतकात असे कोन मोजून तक्ते केले होते पण साइनचा नियम काही त्याला सापडला नाही. तो बगदादच्या इब्न सहलकडं ९८४ च्या सुमाराला दिसतो, नंतर १६२१ ला हॉलंडच्या स्नेलनं काढला पण छापला नाही, आणि छापून आणला १६३७ ला देकार्तनं. नाव मात्र स्नेलचं राहिलं.

किरण का वाकतो? वेग कमी होतो म्हणून. निर्वातात सेकंदाला ३ लाख किलोमीटर, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत २ लाखाच्या आसपास. उसाचा ट्रॅक्टर डांबरीवरनं तिरका चिखलात उतरला की जे चाक आधी चिखलात जातं ते मंदावतं आणि अख्खा ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो, किरणाचं तसंच. सरळ काटकोनात उतरला तर दोन्ही चाकं एकदम मंदावतात, वेग कमी होतो पण वळत नाही. लेझर स्तंभिकेवरनं सरळ टाकून हे पण तपासा.

ह्याचाच एक धोकादायक भाग पंचगंगेच्या घाटावर. वरनं सरळ खाली बघितलं तर पाणी खरं आहे त्याच्या पाऊणपटच खोल दिसतं, ४ फूट असेल तर ३, आणि तिरकं बघितलं तर त्याहून उथळ. काठावरनं नवीन माणूस तिरकंच बघतो. पोहायला न येणाऱ्या पोरांना हा आकडा सांगाच.

किरण बाहेरच पडत नाही तेव्हा

पाण्यातनं हवेत येताना किरण स्तंभिकेपासून लांब वळतो, आणि पाण्यातला कोन ४८.६ अंशाच्या वर गेला की बाहेर पडणंच बंद, सगळाच्या सगळा आत परत. हे पूर्ण आंतरिक परावर्तन, आणि हा ४८.६ चा कोन म्हणजे पाण्याचा क्रांतिक कोन. कांडी काढून, लेझर डब्याच्या बाजूच्या भिंतीतनं थोडा वरच्या दिशेला मारा, पाण्याच्या वरच्या पृष्ठभागाला खालनं आपटून किरण परत खाली येताना दिसेल. बऱ्याच जणांना उलटा प्रश्न पडतो की किरण बाहेर पडलेला दिसतच नाही, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नसतं. बाजूच्या भिंतीतनं आडव्यापासून साधारण ६० अंशापर्यंत कसाही मारा, वर पोचेपर्यंत त्याचा कोन ४८.६ च्या वरच असतो. बाहेर पडलेला बघायचा तर लेझर जवळजवळ उभा धरायला लागतो, आणि तेव्हा किरण छताकडं जातो, डब्यावर वाकून बघू नका.

काचेच्या चिपेत तर हे पण जमत नाही, एका बाजूनं शिरलेला किरण लगतच्या काटकोनातल्या बाजूनं कधीच बाहेर येत नाही, म्हणून त्या बाजूनं बघितलं की चीप चांदीचा मुलामा दिल्यासारखी चमकते. घरात आलेल्या फायबरच्या इंटरनेटचा उजेड असाच आतल्या आत आपटत येतो.

ह्याला जोडून दोन लहान प्रयोग. बोरोसिलचा छोटा ग्लास शेंगदाणा तेलात बुडवा, दोघांचा अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, त्यामुळं ग्लास दिसेनासा होतो (साध्या काचेचा होत नाही, तिचा १.५२). दुसरा, डब्यात तळाला साखरेचा घट्ट पाक आणि वर चमच्याच्या पाठीवरनं हळू साधं पाणी ओतून रात्रभर न हलवता ठेवा, सकाळी आडवा लेझर मधल्या थरातनं सोडला की किरण गोलाईत खाली झुकतो. उन्हाळ्यात कागलकडं जाताना हायवेवर पाणी साचल्यासारखं दिसतं ते ह्याचंच उलटं रूप, तिथं तापलेली विरळ हवा खाली असते म्हणून किरण वर वळतो आणि आपल्याला रस्त्यावर आकाश दिसतं.

साखर मोजायची

आता परत तो ६० अंशाचा डबा. लेझर आणि डबा दोन्ही चिकटवलेले आहेत म्हणून सांगितलं होतं त्याचं कारण इथं आहे. २० ब्रिक्सचं पाणी करायचं म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात २० ग्रॅम साखर, वजनानं. म्हणजे २०० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम साखर. १०० मिलि पाण्यात २० ग्रॅम टाकली तर ते २० होत नाही, पावणेसतरा होतंय.

पाणी मोठ्या सिरिंजनं काढा आणि साखरेचं पाणी तसंच भरा, डब्याला धक्का न लावता. १० सेंटीमीटर रुंदीला साध्या पाण्याचं अंतर ८५.५ मिलिमीटर, २० ब्रिक्सचं ८२.२, ४० ब्रिक्सचं ७८.७. म्हणजे दर १० ब्रिक्सला दीड-पावणेदोन मिलिमीटर. डोळ्यानं अर्धा मिलिमीटर वाचता आला तरी चूक ३ ब्रिक्सच्या आसपास राहते. आणि लेझर एक अंशानं जरी हलला तर उत्तर ८-९ ब्रिक्सनं हुकतं, सगळा खेळच खलास. म्हणून आधी साधं पाणी, त्याच मांडणीत साखर, आणि बघायचा तो दोन खुणांमधला फरक.

उसाचा रस ह्या डब्यात घालून उपयोग नाही, तो इतका गढूळ असतो की लेझर १० सेंटीमीटर पार करत नाही. इथं ब्रिक्स मीटरची हुशारी कळते. त्यात किरण रसातनं आरपार न्यायचाच नाही, प्रिझमवर रसाचा एक थेंब, वर झाकण, आणि उजेड थेंबातनं प्रिझमच्या पृष्ठभागावर सगळ्या कोनांत पडतो. पृष्ठभागाला घासून येणारा किरण क्रांतिक कोनात आत शिरतो, त्याच्या पलीकडं उजेड जाऊच शकत नाही. त्यामुळं भिंगातनं बघितलं की अर्धा भाग उजळ, अर्धा गडद, आणि मधली रेघ पट्टीवर जिथं आहे तो ब्रिक्स. रसात साखर जास्त तर क्रांतिक कोन वेगळा, रेघ सरकते. थेंबाचा पातळ थर पुरतो म्हणून गढूळपणा आड येत नाही, फार तर रेघ जरा पुसट दिसते.

वापरायची पद्धत अशी. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून रेघ शून्यावर आहे का बघा, नसेल तर वरचा स्क्रू फिरवून आणा. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार असतात. शेताच्या कडेचा ऊस घेऊ नका, तो उन्हाला मोकळा असतो आणि वाचन चांगलं दाखवतो, आतल्या चार-पाच ठिकाणचे घ्या. एकाच उसाच्या बुडख्याकडचं, मधलं आणि शेंड्याकडचं कांडं, तिन्हींचा रस वेगवेगळा बघा. बुडखा गोड आणि शेंडा फिका असेल तर ऊस अजून तयार नाही, दोन्ही वाचनं जवळजवळ सारखी आली की तयार. नुसता बुडख्याचा आकडा सांगून "आलाय माझा ऊस" म्हणणारे बरेच भेटतात.

उन्हात तापलेलं यंत्र आणि रस असेल तर वाचन कमी येतं, पट्टी २० अंश सेल्सिअससाठी आखलेली असते आणि त्याच्या वर १० अंश गेलं की पाऊण ब्रिक्सच्या आसपास फरक पडतो. काही यंत्रांत तापमानाची दुरुस्ती आतच असते, तरी थेंब टाकून अर्धा मिनिट थांबा, रस आणि प्रिझम एका तापमानाला येऊ देत. झाकणाखाली हवेचा बुडबुडा राहिला तर रेघ तुटक दिसते, झाकण उघडून परत टाका. आणि हा आकडा सगळ्या विरघळलेल्या पदार्थांचा आहे, निव्वळ साखरेचा नाही, त्यामुळं ब्रिक्स आणि कारखान्याचा उतारा (उसातनं प्रत्यक्ष निघालेल्या साखरेचं प्रमाण) एकच धरून कुणाशी पैज लावू नका.

प्रत्येक वाचनानंतर प्रिझम पाण्यानं ओलं केलेल्या मऊ सुती कापडानं पुसा आणि कोरडा करा. नळाखाली धरून अख्खी नळी धुऊ नका, आत पाणी गेलं की भिंगावर धुकं धरतं आणि रेघच दिसेनाशी होते. रस वाळून साखरेचा थर बसला आणि तो नखानं खरवडला तर प्रिझमवर ओरखडे पडतात, मग ती रेघ कायमची फाटकी दिसत राहते.